कान वाजले नाहीत

नंदुरबार
सोमवार, १३ सप्टेंबर १९४३

डॉ. छगन पाटील, धडगाव, यांस,

हे पत्र तापीकाठ वैद्यकशास्त्र मंडळाचा चिटणीस लिहितो आहे, सुपडू लिहीत नाही. सुपडूने तुम्हाला लिहायचं गेल्या मार्गशीर्षापासून सोडलं, तुम्हीही त्याला सोडलंत. तेव्हा खुशाली विचारत नाही. आपण मंडळाचे सभासद आहात आणि बरेच महिने सभेला फिरकला नाहीत. विचारणं माझं काम आहे म्हणून विचारतो. येणार आहात की नाही?

काल मासिक सभा झाली. झाली म्हणायचं आपलं. चुनीलालभाईंच्या दवाखान्यावरची ती खोली आठवत असेल. सतरंजी घातली, खुर्च्या पुसल्या, घरून मिरचीची भजी तळून मागवली. आणि आलं कोण? तर अध्यक्ष चुनीलालभाई, तेही जिना त्यांच्याच घरातून वर येतो म्हणून. शिवाय भजी घेऊन आलेला त्यांचा कंपाउंडर उखा, जो सभासद नाही. आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघत बसलो. शेवटी भाई म्हणाले, "सुपडूभाई, भजियां ठंडां थाय छे." मग भजी खाल्ली आणि सभा संपली.

शहाद्याच्या दिलवरसिंग गिरासे डॉक्टरांचा निरोप होता, तापीला पाणी आहे, नाव मिळाली नाही. अरे वा रे वा! आदल्याच दिवशी हे गृहस्थ साडूला उतरवून घ्यायला नंदुरबार स्टेशनावर आले होते. मी डोळ्यांनी पाहिलं. साडूसाठी तापी उतरते आणि मंडळासाठी फुगते! तळोद्याहून चिठ्ठी आली, "सीझन चालू आहे." नवापूरकरांनी तेवढीही तसदी घेतली नाही. सीझन! अहो, घराघरात हिवताप पेटलाय म्हणूनच तर सभा. डॉक्टरांनी या दिवसांत एकत्र बसायचं नाही तर काय आखाजीच्या सणाला झोके घेताना बसायचं?

मी काय करायचं बाकी ठेवलं सांगा. नोटिसा छापल्या, या लढाईच्या दिवसांत कागद कुठून पैदा केला ते माझं मला माहीत. डासांवर जादूच्या कंदिलाचं व्याख्यान ठेवलं. उत्तम निबंधाला चांदीचा प्याला जाहीर केला. निबंध एकच आला, चिटणिसाचा. आणि जे कधीमधी येतात ते तरी काय बोलतात? आपापल्या पाळीला उठून माझा हा रोगी बरा झाला, माझा तो बरा झाला. ऐकणाऱ्याला वाटावं, या सगळ्या तापीखोऱ्यात माणूस मरायचाच बंद झाला आहे.

पुढची सभा दसऱ्यानंतर. आलात तर उपकार होतील. न आलात तर नाव काढावं लागेल, तसा नियम आहे.

आपला,
सु. पा. पाटील
चिटणीस

ता. क. तुमच्या डोंगरात यंदा तापाचं मान कसं आहे? सहज विचारतो. क्विनाइन, आपलं कोयनेल, लागू पडतंय ना?


नंदुरबार
४ ऑक्टोबर १९४३

छगन,

"माझे नाव काढून टाकावे." एवढंच? धडगावहून घोड्यावरून टपाल खाली उतरायचं, घाटात हमालांनी घाम गाळायचा, तळोद्याला मोटारीत पडायचं, आणि त्या सगळ्या खटाटोपातून माझ्या हातात हे पडायचं! खाली सही तरी धड करायचीस.

काढत नाही नाव. जा. काय करायचं ते कर.

चिटणीस गेला चुलीत, आता सुपडू लिहितो आहे. तू कशावर रुसला आहेस ते मला ठाऊक नाही असं समजू नकोस. मार्गशीर्षातल्या सभेत बाकीच्यांचे पराक्रम सांगून झाले आणि तुझी पाळी आली. तू उठलास नि म्हणालास, "माझ्या हातून प्रकाशा गावच्या दगा पाटलांची सून गेली. गजराबाई. हिवताप होता यात शंका नाही. कोयनेल पुरेपूर दिलं. तरी ताप हटला नाही आणि बाई गेली. माझं कुठे चुकलं मला कळत नाही. तुम्ही सांगा." छगन, मंडळ स्थापन झाल्यापासून त्या खोलीत विचारलेला तेवढा एकच शास्त्रीय प्रश्न! आणि उत्तर काय मिळालं? एकाने खोकून घेतलं, एकाने घड्याळ काढलं, आणि दिलवरसिंग म्हणाले, "मात्रा चुकली असेल." मी उठून त्यांच्यावर ओरडलो होतो. तू विसरला असशील, मी नाही विसरलो.

खोलीतलं बोलणं खोलीतच राहील, हा मंडळाचा पहिला नियम. तू तुझ्या प्रकाशाच्या दवाखान्यात परत पोहोचतोस न पोहोचतोस तोच घाटावर धुणं धुणाऱ्या बाया बोलत होत्या, "छगन डाक्टरनी पाटीलनी सून मारी टाकी." शहाद्याच्या बाजूनेच ती गोष्ट आली, आणि शहाद्याहून सभेला एकच माणूस आला होता. नाव घेत नाही, तुला कळलं. मग तुझ्या दवाखान्यात माशी फिरकेना. एवढं सगळं मला मान्य आहे. पण तू काय केलंस? सामान बांधलंस आणि सातपुड्यात निघून गेलास, मला एका शब्दाने न सांगता! पुण्याला एका खोलीत राहून, एका स्टोव्हवर भात शिजवून आपण डॉक्टर झालो, त्याची ही किंमत? मी भेटायला आलो तर दाराला कुलूप. दारात उभा राहून मी तुला काय काय शिव्या दिल्या ते शेजारच्या बाईला विचार.

आणि आता डोंगरात बसून कोणाला शिक्षा करतो आहेस? दिलवरसिंगांना? ते मजेत आहेत.

हे सगळं मी काल घरात तावातावाने बोलत होतो. छबू भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "छगनभाऊनी जे सांगं, ते तुम्हनामाईन कोनी सांगं का? तुम्ही तरी तठे जाईसन मुतखडानी गोट सांगतस." म्हणजे मी गेल्या खेपेला मुतखडा काढल्याची हकिकत सांगितली होती, ती. बायकोने तोंडावर असं बोलावं! मी ताटावरून उठलो. पण खोटं काय बोलली ती?

तर आता लिहिलंच आहे तर ऐक. यंदा माझ्याकडेही ताप हटत नाही. कोरीटचा एक धडधाकट गडी, पाठीवर मिरच्यांचं पोतं घेऊन चालणारा, माझ्या डोळ्यांदेखत गेला. त्याच्यामागून आणखी गेले. कोयनेल देतो आहे आणि माणसं जाताहेत. हे मी सभेत बोललो नाही, छबूलाही बोललो नव्हतो. तुला बोलतो आहे, कारण तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे.

सुपडू


नंदुरबार
१९ ऑक्टोबर १९४३

छगन,

हे पत्र फाडू नकोस. आधी वाच. तुझ्याकडे गेल्या वर्षीचं कोयनेल उरलं असेल तर ते कोणालाही देऊ नकोस. हात जोडतो. बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला हुडहुडी भरली. छबूने घरातल्या सगळ्या गोधड्या अंगावर टाकल्या तरी दात वाजायचे थांबेनात. मी माझ्याच दवाखान्यातलं कोयनेल घेतलं, पूर्ण मात्रेत, आणि पडून राहिलो. पुण्याला तुला ताप आला होता तेव्हाचं आठवतं? कोयनेल घेऊन तू नुसता "काय? काय म्हणालास?" करत होतास. मास्तरांनी वर्गात नाव पुकारलं तर तू मागे वळून भिंतीकडे बघितलंस! कोयनेल पोटात गेलं की कान वाजतात, हे आपल्या खानदेशात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मी कान वाजायची वाट बघत पडलो होतो. बाहेर ओट्यावर छबू शेजारणीशी दबक्या आवाजात बोलत होती, माझ्याच विषयी, आणि तिचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. ताप चढतोच आहे आणि कान स्वच्छ! पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. चिमूटभर जिभेवर टाकून पाहिलं. कडू आहे. पण कडू काय, कडुनिंबही कडूच असतो.

ते कोयनेल नाही, छगन. नावापुरतं त्यात असेल, बाकी काय कालवलंय देव जाणे. जावा बेट जपान्यांनी घेतलं, खरा माल यायचा बंद झाला, पोस्टात मिळणाऱ्या पुड्या बंद झाल्या, आणि मग सुरतेच्या गाडीने तो पेटीवाला यायला लागला. गोड बोलणारा, जरीची टोपी घालणारा. आपण सगळ्यांनी त्याच्याकडून घेतलं. गेल्या वर्षी तूही घेतलंस, मी तुझ्या शेजारी उभा होतो.

म्हणजे गजराबाईला तू कोयनेल दिलंच नव्हतंस. तुझी मात्रा चुकली नाही, निदान चुकलं नाही, तुझं काहीही चुकलं नाही. भर सभेत तू विचारलंस माझं कुठे चुकलं, आणि त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात तेव्हा तेच घडत होतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याच हातून होतंय. एकाने, फक्त एकाने, "माझ्याकडेही असंच" एवढं म्हटलं असतं तर? विचार करून माझा ताप वाढतो.

अंगात ताकद आली तसा चुनीलालभाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुपडूभाई, डॉक्टर लोकच खोटी दवा देतात असं गावात झालं, तर उद्या आपल्या पायरीवर कोण चढेल? मी माझ्याकडचा माल आजपासून बंद करतो. तुम्ही पण करा. गुपचूप." गुपचूप! म्हणजे नंदुरबारच्यांनी जगायचं आणि नवापूरच्यांनी मरायचं! मी म्हटलं, "भाई, मग मंडळ कशाला काढलंत? फोटो काढायला?" मी जिना उतरताना उखा, ज्याने त्या मालाच्या पुड्या बांधून दिल्या, माझ्याकडे चोरासारखा बघत होता.

मी वर सरकारी आरोग्य कचेरीला लिहिलं आहे. बघू काय म्हणतात. तू निदान एवढं कळव की कोयनेलचा तो डबा बंद केलास.

सुपडू


नंदुरबार
८ नोव्हेंबर १९४३

छगन,

तुझं उत्तर नाही. डबा बंद केलास की नाही? अरे, माझ्यावर राग धर, पण त्या डोंगरातल्या माणसांनी तुझं काय घोडं मारलंय?

कचेरीचं उत्तर आलं. एका डॉक्टरच्या स्वतःच्या तापावरून काही करता येत नाही. मंडळाचा ठराव पाठवा, त्याबरोबर निरनिराळ्या सभासदांच्या रोग्यांच्या हकिकती पाठवा, म्हणजे माल तपासायला मुंबईला जाईल आणि तालुक्याला सरकारी साठ्यातलं कोयनेल मिळेल. वाचून आधी चिडलो. मग वाटलं, बरोबरच बोलताहेत. एकट्या सुपडूच्या कानांवर कोण विश्वास ठेवणार! पण हकिकती द्यायच्या म्हणजे प्रत्येकाने आपल्या हातून कोण गेलं ते सांगायचं. आणि हे कोण सांगणार? गेल्या वर्षी ज्याने सांगितलं त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणून या रविवारच्या पुढच्या रविवारी, २१ तारखेला, खास सभा बोलावली आहे आणि दिवाळी झाल्यापासून दारोदार फिरतो आहे. फराळाला आलो असं सांगून आत शिरतो. नवापूरचे एक डॉक्टर चकली मोडत मला म्हणाले, "माझ्या हातून यंदा कोणीही गेलेलं नाही." आणि बाहेर त्यांच्याच ओट्यावर एक बाई गळा काढून रडत होती. मी म्हटलं, "ती काय लग्नाची गाणी म्हणते आहे?" तसा मला चहा न देता निरोप मिळाला. तळोद्याला तर डॉक्टर आतून बायकोकडून सांगवतात, घरी नाहीत. त्यांच्या वहाणा दारात!

काल शहाद्याला गेलो. भांडायलाच गेलो होतो, तुला खोटं कशाला सांगू. दिलवरसिंग दवाखान्यात एकटे बसले होते. माझ्या तापाची बातमी माझ्याआधीच तिथे पोहोचली होती, कारण मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "तुम्हना कान खरंच वाजनात नही का?" मी नाही म्हटलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तू गेल्यावर दगा पाटलांनी दवाखाना बदलला. शहाद्याला येऊ लागले. भाद्रपदात त्यांच्या नातीला ताप आला. गजराबाईची मुलगी, छगन. आईमागे राहिलेली तेवढी एकच. दिलवरसिंगांनी तिला तेच कोयनेल दिलं, दिवसभर तिच्या उशाशी बसून दिलं. "सुपडूभाऊ, मन्हा हातमा गयी ती पोर," ते म्हणाले. "मी कोनले सांगू? मीच त्या छगनना नाव बठा गावमा वाजाडेल शे." सगळ्या गावात तुझी बदनामी करणाऱ्याने आता तेच कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून ते सभेला येत नव्हते. पाण्याचा आणि नावेचा काही संबंध नव्हता.

भांडायचं राहूनच गेलं. रागावू तरी कोणावर? सभेला या म्हटलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

तू ये. तू पहिला बोललास तर बाकीचे बोलतील. दुसरं कोणी सुरुवात करील असं मला दिसत नाही.

सुपडू


नंदुरबार
१६ नोव्हेंबर १९४३

छगन,

तुझं पत्र मिळालं. शाबास! शाबास रे गड्या!

गेल्या पौषात तुला ताप आला, तेच कोयनेल घेतलंस, कान वाजले नाहीत, आणि तुला सगळं कळलं. डबा नदीत ओतलास. जंगलखात्याच्या साहेबाला गळ घालून त्यांच्या साठ्यातलं खरं कोयनेल मिळवलंस आणि सबंध पावसाळाभर डोंगरातली माणसं उठवून बसवलीस. पाड्यावरची माणसं तुला कोंबडी आणून देतात म्हणतोस. खा! आणि आम्हाला कळवायला काय झालं होतं तुला? एक कार्ड टाकता येत नव्हतं?

"कोणाला सांगणार होतो? मंडळाला?" असं तू विचारतोस. हो! मंडळाला! मंडळ नालायक होतं तर मला! मी मेलो होतो का? एकदा बोललो त्याचं फळ मिळालं, पुन्हा बोलायची हौस नव्हती, असं लिहितोस. हे म्हणायचा तुला अधिकार आहे, ते मला कळतं, आणि म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तुला गप्प बसवलं ते आम्हीच. पण छगन, तू डॉक्टर आहेस. तुला वेड्यासारखा राग येऊ दे, तू आमच्या तोंडावर थुंक, पण सांग तर!

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेलेली दिसतात, कारण दगा पाटलांच्या नातीबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. आता माझं मिळालं असेल. पौषात तुला कळलं. पोर भाद्रपदात गेली. मधे होळी गेली, आखाजी गेली, अख्खा आषाढ गेला. ती तेव्हा हिंडत-फिरत होती.

मला जास्त लिहवत नाही. सभा रविवारी आहे.

सुपडू


नंदुरबार
३० नोव्हेंबर १९४३

छगन,

तू आला नाहीस. मी दुपारपर्यंत जिन्याकडे बघत होतो.

बाकी सगळे आले! मंडळाच्या जन्मात पहिल्यांदा खुर्च्या कमी पडल्या. मला क्षणभर भरून आलं, मग कळलं की मंडळी ठराव हाणून पाडायला आली आहेत. भाईंनी सगळ्यांना आधीच निरोप पाठवले होते. नवापूरकर, तळोदेकर, झाडून सारे. सभासदांना सभेला आणायची युक्ती मला एवढी वर्षं सापडली नव्हती, ती अशी असते तर! काही लपवायचं असलं की येतात.

मी उठलो आणि आधी कोरीटच्या गड्याची हकिकत सांगितली. मग दुसरी, मग तिसरी. नावं घेऊन सांगितली. शेवटी म्हटलं, ही माझी माणसं. आता तुमची सांगा. भाई घसा साफ करून म्हणाले, हा विषय नाजूक आहे, पुढच्या सभेत घेऊ. दोघातिघांनी माना डोलावल्या. एकाने टोपीही उचलली. संपलं, असं वाटलं मला.

तेवढ्यात दिलवरसिंग उठले. मागच्या खुर्चीवर होते. त्यांनी पोरीची हकिकत सांगितली. काय दिलं, किती वेळा दिलं, ती शेवटी काय म्हणाली. मग म्हणाले, "गेल्या वर्षी इथे छगन डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला होता. मी म्हणालो मात्रा चुकली. तेव्हा माझ्याकडचेही रोगी मरत होते. खोलीतली गोष्ट बाहेर मी नेली. का नेली, ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे." आणि ते खाली बसले नाहीत, उभेच राहिले.

मग नवापूरचे उठले. ते, चकलीवाले! त्यांच्याकडच्या हकिकती तर ऐकवत नव्हत्या. मग तळोद्याचे. मला लिहून घेता घेता हात भरून आला, उखाला बोलावून बसवलं. सगळ्यात शेवटी चुनीलालभाई. किती तरी वेळ ते टेबलावरची फुलदाणी इकडची तिकडे करत राहिले आणि मग त्यांनी स्वतःच्या बहिणीचं नाव सांगितलं. आम्हाला वाटत होतं ती काविळीने गेली. मी त्यांना किती बोललो होतो, फोटो काढायला मंडळ काढलंत का म्हणून! पण बोललो ते चूक होतं असं अजूनही म्हणणार नाही.

ठराव एकमताने झाला, हकिकतींसकट वर गेला. माल मुंबईला तपासायला गेला आहे आणि सरकारी कोयनेलचे डबे गेल्या गुरुवारी आले. मी माझ्या एका रोग्याला दिलं. दुसऱ्या दिवशी त्याची म्हातारी ओरडत आली की पोराला ऐकू येईनासं झालं. तिला मी मिठी मारायचाच बाकी होतो.

तुझं पत्र सगळा वेळ माझ्या खिशात होतं. वाचलं नाही. सबळ पुरावा होता, वाचायला हवं होतं. पण ते वाचलं असतं तर त्या मंडळींना दोषी आयता मिळाला असता. सगळे मिळून तुझ्यावर तुटून पडले असते आणि बोलायला उठलेला एकेक जण परत खाली बसला असता. म्हणून नाही वाचलं. तुझ्यावर दया आली म्हणून नव्हे.

परवा मी आणि दिलवरसिंग प्रकाशाला गेलो. दगा पाटलांना सांगायला कोणीतरी जायलाच हवं होतं. म्हातारा ओट्यावर दोरी वळत बसला होता. आम्ही सगळं सांगितलं. खोटं औषध, गजराबाई, पोर, सगळं. मला वाटलं होतं तो शिव्या देईल, काठी उगारील. निदान तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्याने दोरी बाजूला ठेवली आणि एकच विचारलं, "छगन डाक्टरले हाई माहीत व्हतं का?"

त्याला विचारायचं होतं ते सुनेच्या वेळचं. तेव्हा तुला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "नही." पण पुढे पौषात, पोर हिंडत-फिरत असताना, तुला कळलं होतं का, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तेवढ्यावर थांबलो. सबंध मंडळाला तोंड उघडा म्हणून बडवणारा मी!

म्हातारा बराच वेळ रडला. मग म्हणाला, "आम्ही त्या मानूसले नाहक गावमाईन काढं. मन्ही सून गयी तवय तो आठेच, या ओट्टावर बशीसन रडना व्हता. आनि आम्ही त्याले काय काय बोलनूत. त्याले बलावा. बठा गावना समोर त्याले मी मन्हा घर जेवाले बसाडसू. त्याना पाय धरसू."

तर हे दगा पाटलांचं आमंत्रण, आणि तुला ते पोहोचवायचं काम माझ्यावर आहे. गावजेवण ठरलं आहे, फक्त दिवस तू सांगायचा. तुला पानावर बसवतील. तो म्हातारा तुझ्या पायाशी वाकेल. तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, त्याला माहीत नाही. तेव्हा काय करायचं ते तू ठरव. त्याला सांगणार असशील तर ये, मी तुझ्या शेजारी उभा राहीन, गाव काय करील ते दोघांचं मिळून होईल. सांगणार नसशील तर येऊ नकोस, त्याच्या घरचा घास घेऊ नकोस. पण मग त्याला काय निरोप देऊ तेही तूच लिही, कारण मला सुचत नाही.

उत्तर लवकर दे. दिलवरसिंग सांगत होते, म्हातारा सकाळपासून रस्त्याच्या कडेला येऊन बसतो. शहाद्याकडून येणारी प्रत्येक गाडी थांबवतो आणि आत डोकावत गाडीवानाला विचारतो, "छगन डाक्टर शे का मझार?"

सुपडू